कपाटाच्या आरशातली रायफल

अक्कलकोट रोडनं स्कूटरवर बसून चाललेलं एक लोखंडी कपाटाचं दार मी पाहिलेलं आहे. पुढे मल्लिनाथअण्णा, मागे दोरीनं बांधलेलं उभं दार आणि दाराला अंगभर आरसा. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला आपलाच टेम्पो आपल्या अंगावर चालून येताना दिसला. त्यानं असा काही ब्रेक दाबला की त्याच्या टेम्पोतला कोबीचा एक गड्डा उडून थेट माझ्या पायाशी आला. मी गड्डा उचलला (घरी नेला, खोटं कशाला बोलू) आणि ओरडले, "अण्णा, कपाट कुठं निघालं?"

"कपाट घरीच हाय की, अक्का!" अण्णा मागं न बघता ओरडले. "फकस्त दार निघालंय!"

त्या आरशातून पुढे एक रायफल बाहेर आली. डाव्या हाताची, बोल्टची, साध्या माणसाच्या खिशाला झेपेल अशी. आमच्या सोलापुरात तशी आधी कुणी पाहिलेली नव्हती. तिच्यावर अण्णांच्या सुनेचं, भाग्यश्रीचं पुढचं सगळं ठरायचं होतं. पण आधी अण्णा सांगते, कारण ते कळल्याशिवाय दार कळायचं नाही.

अण्णा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मूळचे वळसंगचे. घरात कानडी, बाहेर मराठी, रागावले की दोन्ही एकदम. एमआयडीसीत त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, यंत्रमागाचे सुटे भाग करायचे. बुटके, रुंद, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही, पाठ खाजवताना मात्र रोज पाहिलं. जन्मभर चालू मशीनशेजारी उभं राहिल्यामुळे आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलताना पलीकडच्या गल्लीतल्याला उत्तर द्यावंसं वाटावं. त्यांच्या घरातलं गुपित मला कळायला भिंतीला कान लावावा लागत नसे. उलट मी माझा टीव्ही मोठा करत असे.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी खुर्ची उलटी करून तिचे सांधे बघत, मग बसत. आमच्याकडे आले की दार दोनदा उघडझाप करून म्हणत, "अक्का, बिजागरी रडालीय तुमची," आणि खिशातून तेलाची कुपी काढत. विमा कचेरीतून मी निवृत्त झाले, त्या समारंभात अण्णा पाहुणे म्हणून आले होते. साहेबांचं भाषण चालू असताना त्यांनी व्यासपीठावरचा डुगडुगणारा टेबलफॅन नीट केला. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. काहीही सांगा, "करून सोडतो की!" त्यावर त्यांच्या बायकोचं, शांतव्वाचं उत्तरही ठरलेलं. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणे, "सोडतायच की तुमी. करताय कुटं?"

या असल्या उदार माणसाचा एक हट्ट मात्र लोखंडी होता. उजवा हात. देणं उजव्या हातानं, घेणं उजव्या हातानं. वर्कशॉपमध्ये कुणी डाव्या हातानं पाना पुढे केला तर अण्णा घेत नसत, छताकडे बघत उभे राहत. स्वतःचा डावा हात ते पाठीमागे असा ठेवत, जणू उधार आणलाय आणि मळला तर मालकाला काय सांगायचं!

भाग्यश्रीला बघायला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. तिचं माहेर वेळापूरचं. पोरगी उंच, शांत, डोळ्यात थोडं हसू. तिनं पोह्यांची बशी पुढे केली ती डाव्या हातानं. अण्णांनी हात मांडीवर ठेवले आणि पंख्याकडे बघायला सुरुवात केली. तिच्या आईचा जीव कासावीस. भाग्यश्रीनं एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि मग बशी सावकाश उजव्या हातात घेतली. अण्णांनी पोहे घेतले. मी मनात म्हटलं, पोरगी नमली. कसली नमतेय! लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच तिनं डाव्या हातानं आमटी वाढली. अण्णा पंख्याकडे. ती उभी. आमटी गार. शेवटी शांतव्वानं दोघांना दोन शिव्या घालून स्वतः वाढली. हे पुढे दोन वर्षं चाललं. त्या घरातल्या पंख्याकडे अण्णांनी जेवढं बघितलं, तेवढं बसवणाऱ्यानंही बघितलं नसेल.

पण पोरगी कॉलेजपासून रायफल चालवायची. दहा मीटरची एअर रायफल, छर्ऱ्याची. लग्नाच्या बोलणीतच तिनं तेवढं एक सांगून ठेवलं होतं, की नेमबाजी सोडणार नाही. तिचा नवरा, म्हणजे अण्णांचा मुलगा, करकंबकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट. तिथं क्वार्टर होतं, ऊस होता, नेमबाजीची रेंज नव्हती. म्हणून ती सोलापुरात सासू-सासऱ्यांजवळ राहायची आणि तो तिकडे एकटा भात करपवायचा. नातेवाइकांना हा एवढा मोठा विषय पुरला. शेवटी घरात ठरलं, की येत्या राज्य स्पर्धेत तिनं राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेचे गुण मिळवले तर ठीक, नाहीतर रायफल बंद आणि बिऱ्हाड करकंबला. ठरवताना कुणी आवाज चढवला नाही. अण्णासुद्धा हळू बोलले, म्हणून मला भिंतीला कान लावावा लागला.

आता या गोष्टीत मी कुठून आले, तेही सांगून टाकते. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची कोवळी तरुणी होते. केसांना मेंदी, पायात पांढरे बूट आणि बाजूनं दोन पट्टे असलेली विजार. निवृत्त झाल्यावर मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या. मी म्हटलं, छे, मी काय म्हातारी आहे? आणि भाग्यश्रीच्या मागे लागून रेंजवर नाव घातलं. खरं कारण, मला व्हॉट्सॲपवर रायफल घेतलेला फोटो लावायचा होता. फोटो पहिल्या दिवशीच निघाला, त्यामुळे तिथंच थांबायला हरकत नव्हती. पण मी स्वतःला होतकरू समजत होते. मला एक डोळा मिटता येत नसे. मिटले तर दोन्ही मिटत. त्या अवस्थेत मी जे काही झाडलं, ते शेजारच्या लेनच्या टार्गेटवर बऱ्यापैकी लागत असे. रेंजवर शिकवणारे सर म्हणाले, "आजी, तुमचं टार्गेट समोरचं." मला टार्गेटचं काही वाटलं नाही, आजी म्हटल्याचा मात्र महिनाभर राग होता.

आणि ही मी, दोन्ही डोळे मिटून नेम धरणारी, भाग्यश्रीला उपदेश करत होते! "अगं, उजव्या खांद्यावर घे की. सवयीनं सगळं जमतं." ती बिचारी हसायची. तिनं वर्षभर करून पाहिलं होतं. तिचा नेमाचा डोळाच डावा. उजव्या खांद्यावर रायफल घेतली की तिची मान चिमणीसारखी वाकडी व्हायची आणि गुण घसरायचे.

डाव्या खांद्यावर घ्यावी तर रायफल ऐकत नसे. बोल्ट म्हणजे रायफलीच्या अंगावरची दांडी. ती मागं ओढायची, छर्रा ठेवायचा, पुढे ढकलून बंद करायची. क्लबच्या सगळ्या रायफलींना ही दांडी उजवीकडे. उजव्या हाताचा माणूस जागेवर उभा राहून हे सहज करतो. भाग्यश्रीला मात्र प्रत्येक नेमानंतर रायफल उतरवून, आडवी करून, पलीकडे हात घालावा लागे. मग पाय, कंबर, खांदा, गाल, सगळी मांडामांड पहिल्यापासून. डाव्या हाताची रायफल परदेशातून येते आणि तिची किंमत ऐकून अण्णांच्या मुलानं क्वार्टरमधला भात पुन्हा करपवला होता.

एके दिवशी तिची स्कूटी बंद पडली आणि अण्णा तिला न्यायला रेंजवर आले. सासरा आलाय हे तिला माहीत नव्हतं. अण्णा मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले, आधी बाक हलवून बघितलं, आणि मग समोर बघत राहिले. बघता बघता त्यांची पेन्सिल कानावरून हातात आली. भाग्यश्री नेम धरी, सोडी, रायफल उतरवी, वाकडी होई, पलीकडे हात घाली. पुन्हा. पुन्हा. अण्णांचा श्वास मोठा व्हायला लागला. मला वाटलं, आता हे डाव्या हातावरून बोलणार. मी तयारच होते, "सवयीनं जमतं" म्हणायला.

अण्णा उठले आणि सगळी रेंज हादरेल अशा आवाजात म्हणाले, "अय्यो शिवने! सर, हे मशीन चुकलंय की ओ!"

सर दचकले. "काय झालं?"

"पोरगी बरोबर हाय. मशीन चुकलंय! माणसाशी भांडालंय मशीन!"

दोन वर्षं ज्या माणसानं तिचा हात चुकलाय म्हणून पंख्याकडे बघितलं, त्याला यंत्रानं माणसाशी भांडलेलं एक मिनिट बघवलं नाही. भाग्यश्री वळून बघत राहिली. रायफल खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. अण्णांनी तिच्याकडे न बघता सरांना विचारलं, "डावी करून दिली तर चालती का?"

सर म्हणाले, "नियमात बसली तर चालेल. पण काका, ही रायफल आहे, यंत्रमाग नाही."

"करून सोडतो की!"

नळी आणि हवेची टाकी विकतची, हे सुरुवातीलाच ठरलं. क्लबनं मोडीत काढलेली एक रायफल अण्णांनी त्यासाठी रीतसर घेतली. बाकी अंग आपलं. रोज जेवताना भाग्यश्रीनं नियम वाचून दाखवायचे आणि अण्णांनी घास हातात धरून ऐकायचे. डाव्या हातानं वाढलेली आमटी त्या गडबडीत कधी पोटात गेली, ते त्यांना कळलंच नाही. शांतव्वाला कळलं. तिनं मला भिंतीवरून खुणेनं सांगितलं.

पहिली अडचण मापाची आली. दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. तो माणसाच्या अंगाला बसला पाहिजे. पण सासऱ्यानं सुनेच्या खांद्याला टेप कसा लावायचा? ते काही त्या घरात होणारं नव्हतं. अण्णांनी तोड काढली. कोपऱ्यावरच्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे गेले आणि दारातूनच म्हणाले, "आमच्या सूनबाईचं माप द्या, रायफल शिवायचीय." बाईनं काय समजायचं ते समजून माप दिलं. अण्णा छातीच्या मापावर बोट ठेवून, मान फिरवून, खांदा आणि बाही तेवढी लिहून आले.

तो पहिला दस्ता मी पाहिला. जुन्या हातमागाचं सागवान, तासून, तेल पाजून असा चकचकीत केलेला की वाढदिवसाला द्यावा. भाग्यश्रीनं खांद्याला लावला आणि तिचं नाक थेट बोल्टवर गेलं.

"आखूड झाला, मामा."

"आखूड कसा? बाहीच्या मापानं केलाय की!"

शांतव्वा पदर तोंडाला लावून खाली बसली. "अवो, ब्लाऊजची बाही कोपरापर्यंतच असती!"

अण्णांनी तो दस्ता आमच्या घरी दाराला अडण म्हणून लावला. अजून आहे.

दुसऱ्या मापाला शांतव्वानं परात भरून कणीक मळली, फळीवर थापली आणि भिंतीला टेकवून धरली. भाग्यश्रीनं त्यात खांदा दाबायचा, अण्णांनी पाठ करून उभं राहायचं आणि ओरडायचं, "दाब! अजून दाब! श्वास धरून दाब!" बाहेरून येणारा दूधवाला परत गेला. त्या कणकेवर खांद्याचा खळगा सुरेख उठला. अण्णांनी तो लाकडात उतरवला. गाल टेकायला त्यांनी यंत्रमागाचा जुना धोटा लावला. धोटा म्हणजे सुतातून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. पळून पळून तो असा गुळगुळीत झाला होता की भाग्यश्री गाल टेकवून म्हणाली, "मामा, हे तर उशीसारखं आहे." अण्णा लगेच छतावर काहीतरी बघायला गेले.

मग आली दाराची पाळी. उजवी रायफल समोर ठेवून डावी करताना कारागीर घोटाळत होते. कुणी खाच इकडची तिकडे करी, कुणी तिकडची इकडे. अण्णांनी कपाटाचं दार वर्कशॉपमध्ये उभं केलं, समोर क्लबची उजवी रायफल मांडली आणि जाहीर केलं, "आरशात जे दिसतंय ते करायचं. डोकं चालवायचं न्हाय."

मी तिथंही शहाणपणा शिकवायला गेले होते. विजारीला पट्टे होते ना! म्हटलं, "अण्णा, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की चित्र उलटं होतं."

"व्हय? मग त्या कॉम्प्युटरला सांगा, हात काळे करून ये म्हणावं."

दार गेल्यापासून शांतव्वा स्टीलच्या ताटात बघून कुंकू लावत होती. ताटाला जरा पोचे आलेले होते, त्यामुळे कुंकू कधी भुवईवर, कधी भांगात. एकदा एका लग्नात तिला कुणीतरी विचारलं, हे असं का? शांतव्वा म्हणाली, "आमच्यात बंदूक होईस्तोवर असंच लावत्यात." बाई गंभीरपणे मान हलवून गेली.

रायफल तयार झाली ती जानेवारीतल्या आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधी. दिसायला कशी? खरं सांगू का, शिवणयंत्र आणि सारंगी यांचं लग्न लावलं तर पोर असं होईल. पण बोल्ट डावीकडे होता. भाग्यश्रीनं ती खांद्याला लावली, डावा हात अलगद मागं आला, पुढे गेला, खट्. पाय हलले नाहीत. कंबर हलली नाही. तिनं पुन्हा केलं. खट्. मग ती हसायलाच लागली, आणि त्या हसण्यात काय काय होतं म्हणून सांगू! मी टाळ्या वाजवल्या. सरांनी रायफल हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि एवढंच म्हणाले, "काका, अजून किती बनवू शकाल?"

स्पर्धा पुण्याला होती. अण्णा, भाग्यश्री आणि मी असे गेलो. मी कशाला? होतकरू खेळाडू म्हणून. गाडीत अण्णांनी रायफलीची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. दौंडच्या आसपास त्यांना राहवेना. माझ्या कानाशी, म्हणजे सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "अक्का, एक गंमत हाय. कुणाला बोललो न्हाय. आतले स्क्रूपण डावे केलेत."

"म्हणजे?"

"आरशात आटे उलटे दिसतात की! मग उलटेच पाडले. जगातले सगळे स्क्रू उजवीकडं पिळलं की आवळतात. हिचे डावीकडं पिळलं की आवळतात. डाव्या माणसाला सगळं डावं पाहिजे. अर्धवट काम आपलं न्हाय."

मला ते फारच थोर वाटलं. मी म्हटलं, "वा!" माझी अक्कल ही एवढी. भाग्यश्री समोरच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून बसली होती. डोळे मिटलेले होते. झोपली होती असं आम्हाला वाटलं.

स्पर्धेआधी रायफलींची तपासणी असते. टेबलामागे एक उंच साहेब. आमची पेटी उघडली आणि आजूबाजूची पोरं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "ही वाजते का?" साहेबांनी वजन केलं, लांबी मोजली, घोडा तपासला. सगळं नियमात. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे अण्णांची छाती फुगत चालली. शेवटी साहेबांनी दस्त्याच्या टोकाची पट्टी हलवून बघितली. ती केसभर हलली.

"सैल आहे. सैल भाग चालणार नाही," म्हणत साहेबांनी किल्ली घातली आणि सगळं जग आवळतं तशी उजवीकडे पिळली. पट्टी आणखी हलली. त्यांनी जोर केला. पट्टी सुटून त्यांच्या तळहातावर पडली.

"आटे गेलेत याचे," साहेब म्हणाले. "अशी रायफल मी आत सोडू शकत नाही. दुसरी आहे का?"

दुसरी कुठली! अण्णा दोरीवरून वाकून ओरडले, "उलटं! साहेब, उलटं पिळा!" पण त्या आवाजाला सवय नसलेल्या साहेबांना वाटलं हा माणूस भांडतोय. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपाई अण्णांच्या दंडाला धरायला आला. मी पांढऱ्या बुटांसकट एका पोराच्या मागे सरकले.

"एक मिनिट, सर," म्हणून भाग्यश्रीनं पट्टी उचलली, जागेवर बसवली आणि किल्ली डावीकडे पिळली. पहिला स्क्रू. दुसरा. न बघता, न चाचपडता, रोजच्या कामासारखं. पट्टी घट्ट बसली. साहेबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग त्यांना हसू फुटलं. "हे उलटे आटे कुणी पाडले?"

आयुष्यात दुसऱ्यांदा अण्णा हळू बोलले. "मी."

त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. डावा माणूसही स्क्रू जगासारखाच पिळतो, ही एक. आणि दुसरी, की तिला हे केव्हाचंच माहीत होतं. ती आत जायला निघाली तेव्हा अण्णांनी तिला गाठलं.

"तुला कधी कळालं?"

"पहिल्याच दिवशी, मामा. आवळायला गेले आणि पट्टी पायावर पडली."

"मग सांगितलं का न्हाईस? इतके दिवस उलटं पिळत बसलीस?"

भाग्यश्रीनं पेटी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही माझ्यासाठी आख्खी रायफल उलटी केलीत. मी दोन स्क्रू उलटे पिळले, तर काय झालं?"

आणि गेली आत. अण्णांनी वर बघितलं. तिथं पंखा नव्हता.

सुरुवातीचे तिचे नेम बरे नव्हते. टेबलाशी झालेला प्रकार डोक्यातून गेला नसणार. समोरच्या पडद्यावर नावं वर-खाली होत होती, तिचं खालीच. मी पडद्याकडे बघून बोटं मोडत होते. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते.

"बघा की ओ अण्णा!"

"टार्गेट तिचं काम. माझं काम बोल्टपर्यंत."

ते फक्त तिच्या हाताकडे बघत होते. मग माझं लक्ष खाली गेलं. अण्णांचा डावा हात, तो जन्मभर पाठीमागे लपवलेला हात, त्यांच्या मांडीवर आला होता. तिनं बोल्ट ओढला की तो मागे सरके. तिनं बंद केला की पुढे जाई. मी तोंडावर रुमाल धरला, हसू येत होतं म्हणून, असं तेव्हा सांगितलं होतं.

हळूहळू तिचं उभं राहणं स्थिर झालं. खट्, श्वास, नेम. खट्, श्वास, नेम. शेजारच्या लेनमधली मुलगी थकून घाम पुसत होती आणि आमची पोरगी खांबासारखी उभी. पडद्यावर तिचं नाव एकेक पायरी वर चढायला लागलं. शेवटचा नेम सुटला, घंटा झाली, आणि पदक काही मिळालं नाही. पण पात्रतेच्या रेघेच्या वर, अगदी रेघेला चिकटून, तिचं नाव थांबलं. मी जी किंकाळी फोडली, तिनं शिपाई दुसऱ्यांदा धावत आला.

अण्णांनी शांतव्वाला फोन लावला. तिकडून ऐकू आलं, "झालं का न्हाय ते सांगा आदी!"

"करून सोडलं की!" अण्णा ओरडले. आणि मग सांगू लागले, "मी न्हाय. तिनं."

दार कपाटाला परत लागलं. आरशावर तेलाचा एक अंगठा उमटलेला होता, तो शांतव्वानं किती घासला तरी निघाला नाही. बरोबर कपाळाच्या उंचीवर होता. ती त्याचाच नेम धरून कुंकू लावायला लागली. अण्णांनी भाग्यश्रीच्या रायफलीचे आटे सरळ करून देतो म्हटलं, तर तिनं करू दिले नाहीत. म्हणाली, "राहू दे. दुसऱ्या कुणी उघडायचा प्रयत्न केला तर फजिती होईल." पुढे अण्णांनी डाव्या हाताच्या आणखी रायफली केल्या. एक पोलिसात असलेली बाई घेऊन गेली, एक अक्कलकोटच्या शाळेनं नेली. स्क्रू सगळे जगासारखे. करकंबचं क्वार्टर कारखान्याला परत गेलं आणि अण्णांचा मुलगा बदली मागून घरी आला. भात आता चांगला करतो.

मी रेंज सोडली. सर आजी म्हणाले म्हणून नाही, खरोखरची आजी झाले म्हणून. नातवासाठी पुण्याला लेकीकडे राहायला गेले. एका डोळ्यानं डोळा मारायला आता नातूच शिकवतोय मला.

गेल्या खेपेला सोलापूरला गेले तेव्हा अण्णांच्या दारात उभी राहिले. भाग्यश्री रायफल घेऊन परराज्यात स्पर्धेला गेली होती. अण्णा आरामखुर्चीत होते. स्कूटरवरून पडून उजवा हात मोडला होता, बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. पेन्सिल त्या प्लास्टरच्या आत, खाजवायला.

"या अक्का! बसा! खुर्ची बघितलीय मी, मजबूत हाय!" आवाज तोच. "अवो, ह्या डाव्या हातानं काय काय करावं लागालंय, काय सांगू. कात्री चालंना. डब्याचं झाकण निघंना. बंडीची गुंडी उलट्या अंगाला. सगळं दुसऱ्याच कुणासाठी केल्यागत वाटालंय! सूनबाई फोनवरून शिकवतीय, असं धरा, तसं धरा."

मी निघते म्हटलं तेव्हा त्यांनी शांतव्वानं बांधून ठेवलेली शेंगाचटणीची पुडी उचलली आणि माझ्यापुढे केली. डाव्या हातानं.

मी हात मांडीवर ठेवले आणि पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

मग अण्णांचं ते गडगडाटी हसू फुटलं. पोट हललं, खुर्ची हलली, प्लास्टरमधली पेन्सिल हलली. "घ्या की ओ अक्का! पाया पडतो! हात भरून आला!"

मीही मग माझा डावा हात पुढे केला. पण त्यांचा हात नवशिका, माझा त्याहून अडाणी. पुडी दोघांच्या मधूनच निसटली, फुटली आणि चटणी पार उंबऱ्यापर्यंत गेली.

"काय सांडलं?" आतून शांतव्वा ओरडली.

"काय न्हाय!" अण्णांनी आख्ख्या गल्लीला सांगितलं. "डावा हात शिकालाय!"